अण्णासाहेब किर्लोस्करांची नाट्यपदकार म्हणून कारकीर्द किती वर्षांची होती?

नाटकातली गाणी, म्हणजे नाट्यपदे, रचणारे म्हणून जेमतेम पाच वर्षांची. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म 1843 साली गुर्लहोसूर येथे झाला आणि 1885 च्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या 42 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव ज्या कामामुळे राहिले ते मात्र 1880 पासूनचेच आहे. त्यापूर्वी ते सरकारी नोकरीत होते.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’ या नाटकाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. त्याआधीच्या पौराणिक खेळांत बरेचसे गाणे सूत्रधाराकडे असे. येथे पात्रे स्वतःची पदे स्वतः म्हणू लागली, आणि ही पदे अण्णासाहेबांनी स्वतःच रचलेली होती. कीर्तनातली साकी-दिंडी ही गेय वृत्ते, लावणीचा ठसका आणि कर्नाटकी चाली हे सारे त्यांनी त्यात मिसळले.

माझ्या मते त्यांची खरी करामत 1882 च्या ‘सौभद्र’ नाटकात दिसते. ‘वद जाऊं कुणाला शरण’ हे सुभद्रेचे पद पाहा: अडचणीत सापडलेली मुलगी जिवाभावाच्या माणसापाशी जसे बोलेल, तसेच हे शब्द आहेत, आणि तरीही ते चालीत चपखल बसतात. गायक नट भाऊराव कोल्हटकरांनी ही सुभद्रा गाजवली. (कथानक पौराणिक असले तरी घर मराठीच वाटते, हेही खरे.)

त्यानंतरचे ‘रामराज्यवियोग’ हे नाटक मात्र अपुरेच राहिले.