ज्यूंचा छळ झाला म्हणून इस्रायल बनलं, मग भारतात छळ झालाच नाही तर बेने इस्रायल का गेले?

प्रश्नात विचारलंय की इस्रायल हे छळातून उभं राहिलेलं राष्ट्र, भारतात तर ज्यूंना कोणी बोटही लावलं नाही, मग अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, चांगली मुंबई सोडून तिकडे वाळवंटात कशाला गेले. या विषयावर मी एरवी गप्प बसतो. पण हाच प्रश्न माझे बाबा ठाण्यातून माझ्या थोरल्या काकांना इस्रायलमध्ये दिमोनाला तीसेक वर्षं पत्रातून विचारत होते, म्हणून लिहितोय.

आधी पहिला भाग उरकतो. छळ झाला म्हणून राष्ट्र बनलं हे मला मान्यच नाही. १८८१ ला रशियात झार अलेक्झांडर दुसरा याचा खून झाला, ठपका ज्यूंवर आला आणि दक्षिणेकडे ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. तिथपासून १९१४ पर्यंत वीस लाखांच्या आसपास ज्यू रशियातून बाहेर पडले. गेले कुठे? बहुतेक सगळे अमेरिकेला. पॅलेस्टाइनमध्ये, म्हणजे पुढे इस्रायल बनलं तिथे, १९१४ ला जुने-नवे सगळे ज्यू धरून आकडा होता ८५ हजारांच्या आसपास. घर जळालेला माणूस आधी पोट कुठे भरेल ते बघतो, त्यात चूक काही नाही. आणि १९०३ घ्या. एप्रिलमध्ये तेव्हाच्या रशियातल्या किशिनेव्हला ४९ ज्यू मारले गेले, त्याच वर्षी ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत जागा देऊ केली, ज्यूंना स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणाऱ्या चळवळीचा पुढारी हर्झल म्हणाला विचार तरी करूया, तर रशियातलेच बरेचसे प्रतिनिधी चळवळीच्या अधिवेशनातून उठून बाहेर गेले. ज्यांची घरं जळत होती तेच म्हणाले आफ्रिका नको. छळाने सगळं समजतं म्हणणाऱ्यांनी हे मला समजावून सांगावं.

राष्ट्र बनलं ते कंटाळवाण्या कामांनी. १९०१ पासून डबे फिरवून पैसे गोळा करून जमिनी विकत घेणं, १९२० ला कामगारांची युनियन हिस्ताद्रुत, तिचे दवाखाने, १९२५ ला जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ, वस्त्यांच्या निवडणुका, वर्गण्या, भांडणं. १९१३ ला हैफाच्या टेक्निकल कॉलेजात शिकवायचं जर्मनमध्ये की हिब्रूत यावरून मास्तर आणि पोरं संपावर गेली होती, तेव्हा हिब्रूत फिजिक्सचे शब्दही धड नव्हते. (आपण मराठी शाळा वाचवा म्हणून फॉरवर्ड पाठवतो आणि पोराला इंग्लिश मीडियमला घालतो. मीही घातलंय.) १९४८ ला इंग्रज गेले तेव्हा तिथे साडेसहा लाख ज्यूंचं जवळजवळ चालू सरकारच होतं, फक्त पाटी लावायची बाकी होती. हिटलरने साठ लाख मारले त्याने हे राष्ट्र मोठं झालं असं कोणी म्हणालं की मला राग येतो, ते साठ लाख जगले असते तर त्यातले किती तिथे आले असते याचा हिशोब कोण करणार.

आता आमच्या घरचं. काका आणि धाकटी आत्या १९६१ ला गेले. बाबा रेल्वेत होते, आजीला घेऊन ठाण्यात राहिले. काका तिकडे कापड गिरणीत लागले. पत्रं मराठीतच, त्यात हवापाणी चार ओळी आणि मग वाद. काकांचं म्हणणं, उद्या तिकडेही हिटलर आला तर तू कुठे जाशील? आम्ही घर बांधून ठेवतोय म्हणून तू निवांत झोपतोस. बाबांचं म्हणणं, दोन हजार वर्षं आला नाही, आता माझ्या रिटायरमेंटच्या आधी कशाला येतोय. (दोन हजार हा आमचा घरगुती आकडा आहे, नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात बायका सात पुरुष वाचले ते नक्की कधी, यावर तज्ज्ञांनी भांडावं.)

मी पहिल्यांदा गेलो १९९४ च्या एप्रिलमध्ये, दोन वर्षांपूर्वी दोन्ही देशांचे संबंध सुरू झाले होते. काकांबरोबर बाजारातून येत होतो, काकांच्या हातात कोथिंबिरीची जुडी, आणि सकाळी दहाला भोंगा वाजला. होलोकॉस्टच्या स्मृतीचा दिवस होता, मला माहीत नव्हतं. सगळ्या गाड्या रस्त्याच्या मधोमध थांबल्या, ड्रायव्हर बाहेर येऊन उभे राहिले, बसमधले लोकसुद्धा. मला वाटलं युद्ध सुरू झालं, मी पळायला लागणार तेवढ्यात काकांनी माझा हात धरला. दोन मिनिटं. ते ताठ उभे होते आणि जुडीतून पाणी त्यांच्या चपलेवर टपटपत होतं. भोंगा थांबल्यावर मोकळ्या हाताने चष्मा सारखा केला आणि म्हणाले चल, काकू वाट बघत असेल.

त्याच संध्याकाळी चुलतभावाची मुलगी, असेल बारा वर्षांची, वही घेऊन बसली. शाळेचा प्रोजेक्ट होता, आपल्या घराण्याचा इतिहास लिहा, तिथे त्या वयात सगळ्यांनाच करायला लावतात. तिने आजोबांना हिब्रूत विचारलं, भावाने मला सांगितलं काय ते: आपल्यातलं कोण कोण मारलं गेलं? काका म्हणाले, कोणी नाही. ती म्हणाली, कोणीच कसं नाही? वर्गात शेजारी बसणारीच्या घरचे पोलंडमध्ये सतरा जण गेलेले, इराकवालीच्या घरी १९४१ च्या बगदादच्या दंगलीची गोष्ट होती, हिच्याकडे काहीच नाही. पोरगी रडवेली. काका उठून आत गेले आणि मग परत येऊन जहाज फुटल्याची गोष्ट सांगायला लागले, शनवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे ते, आणि बिरड्याचा रोजा. जेरुसलेमचं मंदिर पाडलं त्या दिवसाचा उपास, बाकी जगाचे ज्यू तिशा बआव म्हणतात, आमच्याकडे वालाच्या बिरड्यावरून नाव पडलं. म्हणजे इतकी शतकं रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाही, हिब्रू जवळजवळ विसरलेले, आणि देऊळ पडल्याचं सुतक मात्र वाल भिजत घालून पाळलं. पोरीने विचारलं, वाल म्हणजे काय? काकूने डबा उघडून दाखवला, ठाण्याहून मीच नेले होते.

मी तिथे तोंड उघडलं ती चूक. म्हटलं काका, बघा, छळ नाही तर तुमच्याकडे सांगायला गोष्टच नाही, मग आलात कशाला? ते इतके चिडले की जेवले नाहीत.

आत्याने मग रात्री मला बाजूला घेतलं आणि तिची गोष्ट सांगितली, ती बाबांनी मला कधीच सांगितली नव्हती कारण त्यांना ती वादात वापरायची नव्हती, एवढी तरी माणुसकी. १९६२ ला तिथल्या मुख्य रब्बींनी फतवा काढला की बेने इस्रायलपैकी कोणाचं बाहेरच्या ज्यूशी लग्न असेल तर आई, आजी, जमेल तितक्या मागपर्यंत चौकशी करा. आत्याचं लग्न रोमानियाहून आलेल्या एका मुलाशी ठरलेलं. ती राहायची त्या गावच्या रब्बीने पणजीच्या आईचे कागद मागितले. आता अलिबागमागच्या खेड्यात तेल गाळणाऱ्या बाईचा दाखला कोण देणार, ग्रामपंचायत? लग्न अडलं. आत्या जेरुसलेमला धरण्याला जाऊन बसली, साड्या नेसलेल्या बायका, मराठीत घोषणा. १९६४ च्या ऑगस्टमध्ये संसदेने, म्हणजे क्नेसेटने, ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यूच आहेत. मग लग्न झालं, मलिदा केला, पोहे-गूळ-खोबरं, प्रेषित एलियाहू हानबीच्या नावाने, रोमानियन सासूने दोनदा मागून खाल्ला.

मी विचारलं, परत का नाही आलीस? १९५२ ला काही लोक परत आले होते, तेल अवीवला ज्यूंना तिकडे नेऊन वसवणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या ऑफिससमोर धरणं धरून, काळे म्हणून हिणवतात अशी तक्रार होती, शेवटी शंभरावर लोकांना परत मुंबईला आणलं. आत्या म्हणाली, अरे त्यातले बरेचसे पुन्हा इकडेच आले ना. आणि म्हणाली, ठाण्यात मला कोणी कागद मागितला नसता हे खरं, पण ठाण्यात मी कायम पाहुणीच, लोक विचारायचे तुम्ही नक्की कोण, मुसलमान की ख्रिश्चन. इथे भांडायला तरी मिळालं. परक्याच्या घरात कोणी भांडतं का?

तर का गेले याचं माझं उत्तर. इंग्रजांच्या काळात आमचे लोक रेल्वे, पोस्ट, कस्टम्स, पलटणीत होते, १९४७ नंतर पुढे काय ही धाकधूक होती. प्रवासाचा खर्च एजन्सी करत होती. एक भाऊ गेला की मेव्हणा जातो, मग मुलीला स्थळ कुठून आणायचं म्हणून बाकीचे जातात, त्या वेळी अख्ख्या देशात बेने इस्रायल विसेक हजार, त्यातले निम्मे गेले की उरलेल्यांची लग्नंच होईनात. आणि धर्म, पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये असं दर वर्षी म्हटल्यावर कधीतरी तिकीट काढावंच लागतं. १८९७ ला हर्झलच्या चळवळीच्या बाझलमधल्या पहिल्या अधिवेशनाचं बोलावणं मुंबईला आलं होतं तेव्हा आमच्या पुढाऱ्यांनी कळवलं होतं की देवाच्या हाताने होईल तेव्हा बघू. पन्नास वर्षांत देवाचा हात आणि एजन्सीचा फॉर्म यातला फरक पुसला गेला.

वर मी छळाला फारच उडवून लावलं असं वाटेल, तसं नाही. इराकचे लाखाच्या वर ज्यू १९५०-५१ ला गेले ते हौसेने नाही. १९२४ ला अमेरिकेने दार लावलं, १९३८ ला एव्हियाँच्या परिषदेत बत्तीस देश बसले आणि जवळजवळ कोणीच घेतो म्हणालं नाही, १९३९ ला इंग्रजांनी पॅलेस्टाइनचाही कोटा पाच वर्षांत ७५ हजारांवर आणला, हे नसतं तर इतिहास वेगळाच झाला असता. आणि त्या घर बांधण्यात १९४८ ला सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी लोकांची घरं गेली, ते काकांच्या एकाही पत्रात नाही. बाबांच्याही नाही, त्यांना फक्त भावाला हरवायचं होतं.

काका २००३ ला गेले, बाबा त्यानंतर चार वर्षांनी. पत्रांचा अर्धा गठ्ठा दिमोनात, अर्धा माझ्याकडे, त्यामुळे प्रत्येकाकडे फक्त समोरच्याचं म्हणणं आहे. भावाला गेली पाच वर्षं म्हणतोय स्कॅन करून पाठव, तो म्हणतो येऊन घेऊन जा. या मुद्द्यावर मात्र मी बाबांच्या बाजूचा आहे: गेलेल्याने राहिलेल्याला भेकड म्हणू नये. तो हे वाचणार, त्याला मराठी अजून वाचता येतं, लिहिताना चुका होतात. त्याच्या पोरीने प्रोजेक्टमध्ये नवगावचं स्पेलिंग हिब्रूत चुकवलं होतं ते पण मीच दुरुस्त केलं होतं, हे त्याने कमेंटमध्ये नाकारून दाखवावं.