बाया तीस, बेरीज चौतीस

"सर, म्या तीनदा मोजलं. बेरीज जुयतच नाई. विषय बदलून घेऊ काय?"

यवतमाळकडच्या खेड्यातून रोज एसटीनं येणारी, बी.कॉम. पहिल्या वर्षाची मुलगी. 'मले गणिताचं डोकंच नाई' ही तिची पक्की समजूत. संख्याशास्त्र सुरू झालं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. अशा वेळी धीर देत बसण्याआधी वही उघडायला सांगावी. भीती कुठून आली ते बहुतेकदा तिथंच दिसतं.

वहीत वेचाईचे आकडे होते. तीस बायांनी एका दिवसात वेचलेला कापूस, किलोमध्ये:

४२, २८, ३५, ५१, ३०, ४७, ३९, २२, ४०, ३३, ५८, ३६, ४५, ३१, ५०, २७, ३८, ४४, ३४, ४१, २९, ३७, ६०, ४३, ३२, ४८, २६, ४०, ३५, ५३

तिनं आकड्यांचे गट, म्हणजे वर्ग, केले होते २०–३०, ३०–४०, ४०–५०, ५०–६०. वारंवारता, म्हणजे कोणत्या वर्गात किती आकडे पडले ते, आली ६, १३, १०, ५. बेरीज ३४. तासाला कुणीतरी सांगितलं, 'वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत.' तसं केलं तर बेरीज २९. कधी चार जास्त, कधी एक कमी. मग पोरगी डोक्यालाच दोष देणार.

खरं तर दोन्ही चुका आपला पत्ता स्वतःच सांगतात. यादीत ३०, ४०, ४० आणि ५० हे चार आकडे नेमके वर्गांच्या बांधावर आहेत. ते दोन्हीकडे मोजले गेले, म्हणून चार वाढले. असमावेशक पद्धतीत, म्हणजे वरची मर्यादा न धरता, ४० हा ३०–४० मध्ये नाही, ४०–५० मध्ये जातो. हा नियम लावताच ते चार जागेवर आले, पण ६० ला घरच उरलं नाही. शेवटचा वर्ग ६०–७० घ्यायला हवा होता. तो घेतल्यावर वारंवारता ५, ११, ९, ४, १. बेरीज ३०.

"मग २०–२९, ३०–३९ असेच वर्ग घेतले तर?" तिनं विचारलं. प्रश्न चांगला होता. पूर्ण आकड्यांना ही समावेशक पद्धत, म्हणजे दोन्ही टोकं त्याच वर्गात धरणं, चालते. पण काट्यावर २९.५ किलो भरलं तर ते कोणत्या वर्गात टाकणार? वजन, उंची, पाऊस अशा मापांना म्हणूनच अखंडित, म्हणजे मधे फट नसलेले, वर्ग बरे.

तिचा तिसरा घोळ मोजण्याच्या रीतीत होता. एकेक वर्ग धरून ती पूर्ण यादी धुंडाळायची. वर्ग पाच तर यादी पाचदा वाचायची, आणि दर फेरीत एखादा आकडा निसटायचा. यादी एकदाच वाचावी. पहिला आकडा ४२: ४०–५० समोर ताळ्याची एक उभी खूण, आणि यादीतला ४२ पेन्सिलीनं खोडायचा. मग २८. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावर आडवी. खोडणं कंटाळवाणं वाटतं म्हणून मुलं ते गाळतात आणि तिथंच फसतात.

वर्ग किती घ्यायचे, यासाठी स्टर्जेसचं सूत्र आहे: १ + ३.३२२ × लॉग एन (एन म्हणजे एकूण आकडे किती ते, लॉग दहाच्या पायाचा). तीस आकड्यांना उत्तर साधारण ६ येतं. ते दगडावरची रेघ समजू नये. इथं सर्वांत मोठा ६०, लहान २२, फरक ३८. दहाचं वर्गांतर, म्हणजे वर्गाची रुंदी, सोयीचं, वर्ग पाच. पाचाचं घेतलं तर नऊ वर्ग होतात आणि तीन वर्गांत एकेकच बाई उरते. विसाचं घेतलं तर १६, १३, १. बहुतेक बाया ३० ते ५० च्या मधे आहेत, हेच दिसेनासं होतं.

विषय बदलायचा अर्ज तिनं आणलाच होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं संचित वारंवारता, म्हणजे मागच्यात पुढची मिळवत जाणारी बेरीज, मांडली: ५, १६, २५, २९, ३०.

"शेवटचा आकडा तीसच यायले पायजे ना, सर?"

तीसच.