मुलगी चिंध्यांवर स्वप्नं शिवते, बीकॉमला घालू का?

बेळगावच्या वडगावातून एका वडिलांचं पत्र आलंय. घरी चार यंत्रमाग. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, कॉमर्सला. वर्षभर ती गल्लीतल्या बायकांना ‘तुला काय व्हायचं होतं?’ असं विचारत फिरते आणि जे ऐकेल ते मागावर उरलेल्या सुतानं जुन्या खणांच्या तुकड्यांवर शिवते. वडील लिहितात, ‘सुतावर पोट कसं भरतं ते मला विचारा. आता ही त्याच सुताची चित्रं काढणार म्हणते. बीकॉमला घालू का?’

नमस्कार.

तुमची भीती खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. नुसत्या कलाकृती विकून घर चालायला बरीच वर्षं जातात, अनेकांचं कधीच चालत नाही. पण ती करते त्याला वेड म्हणू नका. चिहारू शिओता ही ओसाकात जन्मलेली, बर्लिनमध्ये राहणारी कलावंत. काळ्या धाग्यांच्या जाळ्यात पलंग मांडून तिनं झोप आणि स्वप्नं हाच विषय केला. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तिनं लाल धाग्यांना पन्नास हजारांहून जास्त किल्ल्या टांगल्या होत्या, त्याही लोकांकडून मागून आणलेल्या. तुमची मुलगी गल्लीतून स्वप्नं मागून आणते. जातकुळी तीच.

इतक्या लांबही जायला नको. आपल्याकडची वाकळ घ्या. हल्याळ-यल्लापूरकडच्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या वाकळा अमेरिकेतल्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या आहेत. (शिवणारीच्या हातात त्यातले पैसे किती पडतात, हा प्रश्न तुमच्यासारख्या विणकराला वेगळा समजावायला नको.)

म्हणून माझं मत: बीकॉम नको, नुसती ‘आर्टिस्ट हो’ असंही नको. तिला टेक्स्टाइल डिझाइनला घाला. चार वर्षांची पदवी, कॉमर्सवाल्यांनाही चालते. त्यानंतर कापड गिरण्या, निर्यातदार, घरसजावटीचं कापड करणाऱ्या कंपन्या यांत पगाराची नोकरी असते आणि रात्री स्वप्नं शिवायला हात मोकळे राहतात. अहमदाबादची एनआयडी, बेंगळुरू किंवा मुंबईची निफ्ट आणि मुंबईचं जे.जे., डिझाइन आणि कला शिकवणाऱ्या संस्थांची ही तीन नावं डोक्यात ठेवा. जे.जे.ची फी त्यातल्या त्यात हलकी. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक प्रवेशांत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद असते. जे.जे.च्या माहितीपुस्तिकेत तो भाग आधी शोधा आणि दाखले आत्ताच गोळा करायला लागा. ऐनवेळी तहसील कचेरीत काय होतं ते तुम्ही जाणता.

एका गोष्टीवर मात्र तिला कडक बोला. या संस्थांच्या प्रवेशपरीक्षांत आधी पेन्सिल चालते, सुई नंतर. हाताला कशिदा येतो आणि चित्र येत नाही म्हणून मागं राहिलेल्या मुली मी पाहिल्यात. रोज तासभर रेखाटन करायला लावा. माग, कांडी भरणारी आई, शहापूरच्या बाजारातली गर्दी, जे दिसेल ते.

आणि शिवलेल्या तुकड्यांचा ढीग दाखवून चालत नाही. बारा तुकडे निवडून एकच मालिका करू दे. प्रत्येकाचा उजेडात फोटो, सोबत कुणाचं स्वप्न आणि हाच रंग का, एवढं चार ओळींत. नाव छापायला त्या बाईची परवानगी हवीच. मागची बाजूही दाखवू दे. धारवाडकडच्या कसुती भरतकामात गाठ मारत नाहीत आणि गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. तो टाका तिनं एखाद्या जुन्या बाईकडून शिकून घ्यावा.

राहिलं तुमचं काम. सुट्टीत महिनाभर तिला मागावर उभी करा. ताणा म्हणजे उभे धागे कसे लावायचे, बाणा म्हणजे आडवा धागा तुटला की कसा जोडायचा, नक्षी विणणाऱ्या जकार्डला नक्षी कशी चढते, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिक्षक शिकवतात. तिच्या घरी ते आयतं आहे. मजुरी द्या, फुकट राबवू नका.

आणि त्या बायकांना ती जे विचारते, ते तिनं तुम्हाला विचारलंय का? नसेल, तर तेराव्या तुकड्याला जागा ठेवायला सांगा.