आधी अर्ज, मग धडा

प्रश्न : सोलापुरात बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. मुलं मतदानाचा धडा पाठ करतात, पण मतदार यादीत नाव घालायला कुणी पुढे येत नाही. काय करावं?

उत्तर : सर, नमुना 6, म्हणजे यादीत नवं नाव घालायचा अर्ज, वर्गातच भरून घ्या. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो, हे पुष्कळ मुलांना माहीतच नसतं. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर यांपैकी अठरा भरल्यानंतर जी तारीख आधी येईल, तिला ती पात्र होतात. 1989 पर्यंत हे वय 21 होतं, तेही सांगा.

दुसरं, घरच्यांची नावं यादीत शोधायला लावा. निवृत्तीनंतर मी विडी कामगारांच्या वस्तीत मुलांना शिकवते. गेल्या वर्षी एका मुलीला दिसलं, की खोली बदलली तरी आईचं नाव जुन्याच पत्त्यावर आहे. तिनं स्वतः पत्ता बदलायचा नमुना 8 भरला. आई दिवसभर विड्या वळते, तिला कोण सांगणार होतं? मला तर तो दिवस सगळ्या परीक्षांपेक्षा मोठा वाटला.

वर्गप्रतिनिधीची निवडणूकही गुप्त मतदानानंच घ्या. हात वर करायला लावलं की मुलं मैत्रिणीकडे बघून हात वर करतात.