कोट्याने मनं जवळ येतात का?

प्रश्न : सिंगापूरमध्ये सरकारी फ्लॅट घेताना वंश विचारतात, हे ऐकून धक्का बसला. अशा नियमाने पूर्वग्रह कमी होतो का?

उत्तर : हा नियम 1 मार्च 1989 पासून आहे. एका इमारतीत चिनी कुटुंबं 87 टक्के आणि मलय 25 टक्के यापुढे जाऊ शकत नाहीत. भारतीय व इतरांची मर्यादा 2010 मध्ये 13 वरून 15 टक्के झाली. एकाच वंशाच्या वस्त्या होणं त्याने रोखलं, हे खरं यश. लिफ्टमध्ये रोज भेट होते. मैत्री मात्र कायद्याने होत नाही.

भुर्दंड बसतो तो विकताना. चिनी कोटा भरलेल्या इमारतीतला भारतीय मालक चिनी ग्राहकाला फ्लॅट विकू शकत नाही. ग्राहक घटतात, भाव पाडून मागतात. 2022 पासून अशा अडकलेल्यांना गृहनिर्माण मंडळाकडेच फ्लॅट विकण्यासाठी अर्ज करता येतो.

आणि भाड्याच्या घरांचं काय? ‘भारतीय नकोत’ अशा जाहिराती तिथे दिसत आल्या आहेत. खरेदीच्या कोट्याचा त्यावर काहीच इलाज नाही. कायदा दार उघडायला लावतो, पण ज्या दाराचा त्यात उल्लेखच नाही ते बंदच राहतं.