वाचकांचे प्रश्न : खून वाढलेत की खुनाच्या बातम्या?

(जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या वाचक शाखेत गुन्ह्यांचे मासिक तक्ते तयार करणारे एक निवृत्त पोलीस अधिकारी या सदरातून उत्तरे देतात.)

माझं वय 73. पेपर उघडला की खून, मोबाइल उघडला की खून. आमच्या काळी असं नव्हतं. माणूस एवढा कसा बिघडला?
– एक वाचक, कराड

काका, 1992 साली तुम्ही चाळिशीत असाल. त्या वर्षी देशात 40,105 खून नोंदले गेले. 2022 मध्ये 28,522. मधल्या तीस वर्षांत लोकसंख्या पन्नास कोटींनी वाढली, तरी खून घटले. तेव्हा लाख माणसांमागे वर्षाला साडेचारच्या वर खून पडायचे, 2022 मध्ये 2.1. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं 2021 मध्ये सगळ्या जगाचा दर 5.8 होता. म्हणजे 'आमच्या काळी असं नव्हतं' हे खरंच आहे, फक्त उलट्या अर्थानं.

आता तुमच्या मोबाइलचं. 2022 मध्ये महाराष्ट्रात 2,295 खून झाले, म्हणजे रोज सहा. तुमच्या चाळिशीत नांदेडचा खून कराडला कळायचा तो दोन दिवसांनी, आतल्या पानावर, चार ओळींत. बहुतेकदा कळायचाच नाही. आज सीसीटीव्हीची क्लिप पंचनामा होण्याआधी तुमच्या ग्रुपवर येते. शिवाय एकाच खुनाच्या बातम्या किती होतात पाहा: प्रेत सापडलं, संशयित ताब्यात, पोलीस कोठडी, कोठडीत वाढ, दोषारोपपत्र. आमच्या तक्त्यात त्याची एकच नोंद.

आणि बातमी कुठल्या खुनाची होते? प्रेताचे तुकडे केले, सुपारी दिली, भर चौकात कोयते नाचवले, अशाची. बांधावरून भावानं भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली तर ती तालुका आवृत्तीच्या बाहेर जात नाही. पण 2022 च्या देशभरच्या आकड्यांत सगळ्यात मोठा गठ्ठा वादांचाच आहे, 9,962. त्याखालोखाल वैमनस्य, 3,761. पैशाच्या वा मालमत्तेच्या लाभासाठी केलेले खून 1,884. वाट अडवून लुटणाऱ्या अनोळखी माणसाची आपल्याला भीती वाटते, पण तक्त्यात गर्दी ओळखीच्यांची असते.

हे आकडे पोलिसांचेच ना? दाबलेले नसतील कशावरून?
– एक वाचक, अकोला

शंका रास्त आहे. चोरीच्या आकड्यावर मीही विश्वास ठेवणार नाही. मोबाइल चोरीला गेला की 'गहाळ' म्हणून अर्ज लिहून घ्यायचा, हा प्रकार तुम्हीही पाहिला असेल. खुनाचं तसं होत नाही. प्रेत असतं, नातेवाईक असतात, पोलीस पाटील असतो, शवविच्छेदन करणारा डॉक्टर असतो. एवढ्या सगळ्यांना गप्प करणं अवघड. म्हणून जगभर हिंसाचार मोजताना पहिल्यांदा खुनाचा आकडा बघतात.

तरी त्याला फटी आहेत. विहिरीत बाई सापडली की आधी अकस्मात मृत्यूची, म्हणजे आमच्या भाषेत एडीची नोंद होते. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव, राखून ठेवतात, त्याचा अहवाल यायला महिने जातात. खुनाचं कलम लागलं तर त्यानंतर लागतं, आणि काही वेळा लागतच नाही. हुंडाबळीचा तक्ता वेगळा. 2022 मध्ये देशात सुमारे साडेसहा हजार गुन्हे त्यात होते, वरच्या 28,522 मध्ये ते धरलेले नाहीत. सदोष मनुष्यवधही वेगळा. बलात्कार करून खून केला तर एका गुन्ह्यात सगळ्यात गंभीर कलम तेवढं मोजायचं, या नियमानं तो फक्त खुनात जातो आणि बलात्काराच्या आकड्यातून निसटतो. हा नियम मला कधीच पटला नाही, पण तक्ते त्याच नियमानं भरले.

उलट बाजूही आहे. पोटात चाकू गेलेला माणूस पूर्वी वाटेतच दगावायचा, खुनाचा गुन्हा व्हायचा. 2014 पासून राज्यात 108 ची रुग्णवाहिका आहे. त्यातला कुणी वाचला तर तोच गुन्हा खुनाच्या प्रयत्नात राहतो. वार करणाऱ्यानं काही कमी जोरानं केलेला नसतो. त्यामुळे खून कमी झाले म्हणजे मारामाऱ्याही तेवढ्याच कमी झाल्या, असं धरू नका.

आमच्या तालुक्यात खून 'शंभर टक्क्यांनी वाढले' अशी बातमी आली. आता आम्हीही यूपीच्या वाटेवर का?
– एक वाचक, बार्शी

गेल्या वर्षी दोन आणि यंदा चार झाले, तरी वाढ शंभर टक्केच. एका घरात एकाच रात्री तिघांना मारलं तरी तालुक्याचं वर्ष 'रक्तरंजित' ठरतं. एवढ्या लहान आकड्यांत निदान पाच-सात वर्षं एकत्र बघावीत.

यूपीचं म्हणाल तर 2022 मध्ये तिथं 3,491 खून झाले, आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त. पण लोकसंख्या बघा. लाखामागे त्यांचा दर 1.5, आपला 1.8.

मुलगी हिंजवडीत आयटी कंपनीत आहे, रात्रीची शिफ्ट असते. कोयता गँगचं ऐकून झोप लागत नाही. तिला परत बोलवू का? इकडे स्थळंही चांगली येताहेत.
– एक आई, जत

ताई, कोयत्याची भीती मी उडवून लावत नाही. पण दोन गोष्टी शेजारी ठेवा. 2022 मध्ये महाराष्ट्रात रस्त्यावरच्या अपघातांत 15,224 माणसं गेली, खुनांच्या साडेसहा पटींहून जास्त. तेव्हा दुचाकीवर ती हेल्मेट घालते का, हे आधी विचारा. दुसरं, 2021 मध्ये जगात जेवढ्या बायका-मुली मारल्या गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त, 56 टक्के, नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कुणाच्या हातून गेल्या. हुंडाबळीचा आकडा वर दिलाच आहे. नोकरी सोडवून, घाईनं लग्न लावून देणं म्हणजे सुरक्षित जागी पोचवणं, असं माझा तक्ता तरी म्हणत नाही. स्थळ बघताना पगाराबरोबर मुलाचा राग, दारू आणि आधीची भांडणं यांचीही चौकशी करा, तीही मध्यस्थाकडे नको, त्याच्या शेजाऱ्यांकडे करा.

रात्रीच्या शिफ्टचं म्हणाल तर कायदा आहे. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकानं करायची असते. तिच्या कंपनीची गाडी दारापर्यंत येते की कोपऱ्यावर सोडते, हे विचारून घ्या. कोपऱ्यावर सोडत असेल तर तिनं एचआरला लेखी कळवावं. कुणी पाठलाग करत असेल तर 112 लावावा आणि भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 78 खाली फिर्याद द्यावी. ठाण्यात नुसता अर्ज ठेवून घेतो म्हणाले, तर एफआयआरची प्रत मागावी. ती फुकट मिळते.