पिकअपमध्ये ट्रॅक्टरचे इंजिन बसवावे का? निफाडच्या एका वाचकाला उत्तर

निफाड तालुक्यातील एका शेतकरी वाचकाचे पत्र माझ्यासमोर आहे. त्यांच्याकडे 2013 सालची डिझेल पिकअप आहे आणि तिचे कर्ज केव्हाच फिटलेले आहे. गेल्या महिन्यात इंजिनातील कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पडले, तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारी उभी आहे. त्याच गोठ्यात वडिलांनी घेतलेला, 45 अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर आहे. भावाने नवा ट्रॅक्टर घेतल्यापासून तो बंदच असतो, पण इंजिन अजून एका सेल्फमध्ये चालू होते. गावाजवळच्या एका फॅब्रिकेटरने हे इंजिन पिकअपमध्ये बसवून देण्याचे 70,000 रुपये सांगितले आहेत. त्याच बनावटीचे जुने इंजिन बसणावळीसह 1,20,000 रुपयांना पडेल आणि नवा ब्लॉक घालून पूर्ण इंजिनकाम केले तर 1,65,000 रुपये लागतील, असे इतर दोन ठिकाणी सांगण्यात आले. बँकेत 2,50,000 रुपयांची मुदत ठेव आहे, परंतु त्यातील दीड लाख मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी राखलेले आहेत. वाचक लिहितात, ‘घरचे इंजिन घरातच वापरले तर 50,000 रुपये वाचतात आणि वडिलांची आठवणही राहते. यात काही चुकते आहे का?’

आपल्या हिशेबात एक रक्कम धरायची राहून गेली आहे आणि सगळा निर्णय त्याच रकमेवर उभा आहे. ट्रॅक्टर आहे तसा विकला तर 1,60,000 रुपये देणारा माणूस आपल्याला भेटलेला आहे, हे आपण पत्राच्या शेवटी ओघात लिहिले आहे. इंजिन काढून घेतल्यावर उरणारे धूड, म्हणजे गिअरपेटी, मागचा आस, टायर आणि हायड्रॉलिक, यांना तोच माणूस फार तर 60,000 देतो म्हणाला. म्हणजे इंजिनाची किंमत एक लाख रुपये झाली. ती आपल्या खिशातून रोख जाणार नाही म्हणून दिसत नाही, पण जाणार ती आपलीच. फॅब्रिकेटरचे 70,000 आणि इंजिनाचे 1,00,000 मिळून हा उपाय 1,70,000 रुपयांना पडतो. जो मार्ग आपल्याला सर्वांत स्वस्त वाटला, तो तिन्हींत सर्वांत महाग आहे.

शिवाय तो 70,000 वर थांबेल असे मला वाटत नाही. ट्रॅक्टरमध्ये इंजिन, क्लचघर आणि गिअरपेटी एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचाच सांगाडा तयार होतो, पुढच्या आसाचा भारही इंजिनाच्या तोंडाशी येतो. त्यामुळे त्याचा ब्लॉक आणि खालचे ऑइलपात्र बिडाचे, जाड आणि जड असते, आणि पिकअपच्या चासीवर रबरी फाउंडेशनवर बसण्यासाठी त्याला मुळात जागाच ठेवलेली नसते. ती जागा वेल्डिंग करून निर्माण करावी लागते. बेलहाउसिंगची, म्हणजे क्लचघराची, भोके जुळत नाहीत म्हणून मध्ये जाड पत्र्याची प्लेट कापावी लागते. ती लेथवर अचूक केंद्रात आली नाही, तर गिअरपेटीचा पुढचा बेअरिंग आणि क्लचप्लेट वारंवार जातात. पुढच्या स्प्रिंगांवर वजन वाढते ते वेगळेच. ही कामे होतच नाहीत असे नाही, आपल्याकडच्या कारागिरांच्या हातात कसब नक्की आहे. मात्र सांगितलेल्या दरात पुढच्या दुरुस्त्या धरलेल्या नसतात आणि त्या करायच्या वेळी फॅब्रिकेटर ‘हे काम वेगळे’ असे म्हणतो.

वेगाचाही हिशेब करावा. पिकअपच्या मूळ इंजिनाची पूर्ण शक्ती मिनिटाला साधारण 3,200 फेऱ्यांवर मिळते. या ताकदीच्या ट्रॅक्टरचे इंजिन मात्र 2,000 फेऱ्यांच्या आसपास काम करण्यासाठी बनवलेले असते आणि गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांवर मर्यादा ठेवणारा भाग, त्याला फारसे वर जाऊ देत नाही. टॉप गिअरमध्ये दर हजार फेऱ्यांना गाडी समजा ताशी 30 किलोमीटर धावत असेल, तर पूर्वी जी गाडी 90 च्या पुढे जात होती ती आता 60 ला येऊन अडेल. ओढ चांगली राहील, पण पहाटेच्या लिलावाला मुंबई-आग्रा महामार्गावर मालाच्या गाड्यांमध्ये 60 ने चालणारी पिकअप घेऊन जाणे सोयीचे नाही, आणि पाहायला गेले तर सुरक्षितही नाही.

ब्रेकबद्दल लिहिताना मला थोडे थांबावेसे वाटते, कारण हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. काही वर्षांपूर्वी अशाच बदललेल्या एका गाडीत मी माझ्या ग्राहकाशेजारी बसून उतारावरून गेलो आहे. त्यांनी पेडलवर पाय ठेवला तेव्हा ते लाकडी फळीसारखे कडक लागले, दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून धरत त्यांनी सगळे अंग पायावर टाकले, तेव्हा कुठे गाडी मंदावली. कारण नंतर समजले. डिझेल पिकअपच्या ब्रेकला जोर देणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो आणि तो व्हॅक्यूम तयार करणारा छोटा पंप बहुधा अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. ट्रॅक्टरला अशा बूस्टरची गरज नसल्याने त्याच्या इंजिनावर तो पंप नसतो. फॅब्रिकेटरने जुना अल्टरनेटर इंजिनासोबत काढून ठेवला होता आणि नळी नुसती बांधून टाकली होती. आपण हंगामात चार-पाच वेळा टोमॅटो घेऊन वाशीला जाता, म्हणजे भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरता. त्या घाटात असे पेडल आपल्या पायाखाली यावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्टपणे मांडलेली आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे परवानगीबाहेरच्या अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ट्रॅक्टरची धूरमानके वेगळी आणि रस्त्यावरील मालवाहू गाडीची वेगळी असल्याने, हे इंजिन या गाडीसाठी कधी मंजूरच झालेले नाही. आपली गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे तिचे पासिंग दरवर्षी करावे लागते, म्हणजे हा प्रश्न दरवर्षी पुन्हा उभा राहणार. एजंट ‘करून देतो’ म्हणेलही, पण त्याचे पैसे दरवर्षी द्यावे लागतील आणि अपघात झाला तर तो एजंट आपल्या शेजारी उभा राहणार नाही.

अपघातानंतर काय होते, हे वरच्याच ग्राहकाच्या बाबतीत मी जवळून पाहिले. गाडी एका पुलाच्या कठड्याला घासली, कोणाला इजा झाली नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने बॉनेट उघडून इंजिन क्रमांक पुसून वाचला, आरसी बुकाशी ताडून पाहिला आणि वही मिटली. दावा नामंजूर झाला आणि दुरुस्तीचे एक लाखाच्या वर पैसे घरातून गेले. दुसऱ्या कोणाला इजा झाली असती तर गोष्ट याहून गंभीर झाली असती, कारण पॉलिसीच्या अटींचा भंग झाला असेल तर कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश मोटार अपघात दावा न्यायाधिकरण देऊ शकते. मग ती वसुली आपल्या साडेचार एकर शेतीवर येते.

तेव्हा ट्रॅक्टरचे इंजिन पिकअपमध्ये बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण याचा अर्थ 1,20,000 रुपयांचे जुने इंजिन डोळे मिटून घ्यावे असा होत नाही. गाडी ठेवणेच परवडते का, हा प्रश्न आपण विचारलेला नसला तरी आधी तोच सोडवायला हवा.

आपण दिलेल्या आकड्यांवरून मी मांडणी केली. लासलगाव आणि पिंपळगाव धरून वर्षाला आपल्या 90 फेऱ्या होतात आणि भाड्याची गाडी फेरीला 1,200 रुपये घेते, म्हणजे वर्षाला 1,08,000. स्वतःच्या गाडीला विमा, कर आणि पासिंग मिळून 32,000, देखभाल आणि टायर 30,000, तसेच फेरीमागे 460 रुपयांप्रमाणे डिझेल 41,400, असे 1,03,400 रुपये लागतात. यात घसारा आपण धरलेला नाही. आज बंद गाडीचे 1,10,000 येत आहेत, त्यात 1,20,000 घातले की 2,30,000 रुपये गाडीत अडकतात. चार वर्षांनी तिचे 1,20,000 आले असे मानले तरी वर्षाला 27,500 रुपये झिजतात. एकूण खर्च 1,30,900 होतो, म्हणजे केवळ स्वतःच्या मालासाठी गाडी ठेवली तर भाड्याच्या गाडीपेक्षा वर्षाला सुमारे 23,000 रुपये जास्त जातात. वाशीच्या फेऱ्या दरवर्षी बाजारभावावर ठरतात, म्हणून त्या दोन्ही बाजूंना धरलेल्या नाहीत.

मात्र आपण शेजाऱ्यांच्या मालाच्या वर्षाला 60 फेऱ्या मारता आणि डिझेल वजा जाता फेरीमागे 700 रुपये सुटतात, म्हणजे 42,000. ते धरले की चित्र उलटते आणि गाडी ठेवल्याने वर्षाला 19,000 रुपयांच्या आसपास फायदा होतो. त्यामुळे जुने इंजिन घेण्यापूर्वी त्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसा आणि येत्या हंगामात माल आपल्याच गाडीतून जाईल का, हे सरळ विचारा. यांपैकी एक शेतकरी स्वतः पिकअप घेण्याच्या विचारात असल्याचे आपण लिहिले आहे. त्यांनी गाडी घेतली आणि 60 च्या 30 फेऱ्या झाल्या, तर फायदा संपून थोडा तोटाच राहतो. अशा वेळी बंद गाडी 1,10,000 ला विकून भाड्याने माल पाठवणे बरे. भर हंगामात वेळेवर गाडी मिळत नाही आणि कांद्याचा भाव दोन दिवसांत पडतो, ही आपली अडचण खरी आहे. त्या खात्रीसाठी वर्षाला चार-पाच हजारांचा तोटा सोसायला आपण तयार असाल, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. 23,000 चा तोटा मात्र सोसू नये.

शेजाऱ्यांचा होकार आला, तर पैसे कुठून आणायचे याचे उत्तर आपल्या गोठ्यातच आहे. ट्रॅक्टर अख्खा 1,60,000 ला विका, त्यातून पिकअपसाठी तिच्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन घ्या, उरलेले 40,000 गाडीच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या बचत खात्यात ठेवा. मुदत ठेवीला हात लावावा लागत नाही. पीककर्जातून इंजिन घेण्याचा विचारही आपण बोलून दाखवला आहे, तो कृपया सोडून द्या. 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते बिनव्याजी पडते. त्यातले पैसे गाडीत अडकून मुदत चुकली, तर ही सवलत हातची जाते आणि खतबियाण्याला दुसरीकडून महाग पैसे उचलावे लागतात.

वडिलांच्या आठवणीविषयी आपण जे लिहिले आहे, ते मी हिशेबाबाहेरचे मानत नाही. ज्या ट्रॅक्टरवर त्यांनी पंधरा वर्षे नांगरट केली तो परक्याच्या हाती देणे जड जाणार, हे उघड आहे. विकवत नसेल तर तो अख्खा ठेवा, फवारणीला किंवा मळणीला वापरा, आणि पिकअप विकून मोकळे व्हा. आपल्या उत्पन्नात हेही बसते. त्याचे इंजिन काढले, तर मात्र वडिलांचा ट्रॅक्टर उरणार नाही आणि गाडीही धड होणार नाही.

विकायचे ठरले तर मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून तेवढ्यावर थांबू नका, आरसी बुकावर नवे नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा. नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताला जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलेले आहे. जुने इंजिन घेताना विक्रेत्याकडून जीएसटी क्रमांक असलेले बिल आणि ते ज्या गाडीतून काढले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. ‘कागद नंतर देतो’ असे उत्तर आले तर तिथून निघा, कारण चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर पैसे आणि इंजिन दोन्ही जातील, वर पोलीस ठाण्याच्या खेपा पडतील. बयाणा देण्याआधी इंजिन क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घ्या आणि तो ठसा घेऊन नाशिकच्या आरटीओ कार्यालयात इंजिनबदलीची परवानगी व आरसीवरील नोंद यांची चौकशी स्वतः करा. परवानगी हाती आल्यावरच उरलेले पैसे द्यावेत, आणि इंजिन बसल्यावर नवा क्रमांक विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंदवून घ्यावा.